तारापूरकरांनी युद्धाला 'हो' कोणत्या सभेत म्हटले?

वाचकहो, रणभेरी वाजविणारा मनुष्य बहुधा आपल्या गावाचा नकाशा पाहत नाही. पालघर-बोईसरच्या माणसास ती सवलत नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत मुंबई व उरण यांच्या पंक्तीस, पहिल्याच वर्गात, तारापूर होते. १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र जेथे आहे, त्या गावास हा मान मिळावा यात नवल नाही.

शत्रूशी बोलणे म्हणजे भ्याडपणा, असे म्हणणाऱ्यांस आमचा सवाल आहे : या केंद्राचे रक्षण केवळ तोफाच करतात काय? ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. तो २७ जानेवारी १९९१ पासून अमलात आला. १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही सरकारे आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांस देतात. १९९९ च्या कारगिलनंतरही ही देवघेव थांबली नाही. वाटाघाटीच्या या कागदाच्या आडोशास बोईसरचा कामगार रात्री झोपतो. त्यास भ्याडपणा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्यांच्या सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे तंटा सोपवा, ही त्याची उपसूचना. मतदान झाले, सिद्धार्थ हरला आणि त्याने गृहत्याग केला. परंतु लक्षात घ्या, हरणाऱ्यास आधी बोलू दिले होते, आणि मते मोजली होती! आमच्या राज्यघटनेत मात्र युद्धापूर्वी संसदेचे मत घेतलेच पाहिजे असे एकही कलम नाही. जे आहे ते कलम ५१ : आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटविण्यास राज्याने उत्तेजन द्यावे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे कोर्टात बजावता येत नाही. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही कलम ५१ आहे, व ते स्वसंरक्षणाचा हक्क देते. आमच्या पुढाऱ्यांना दुसरे तोंडपाठ असते, पहिले नसते.

आम्ही सर्वच युद्धांचे विरोधक नव्हे. हल्लेखोरास परतविणे हे कर्तव्यच होय. महार रेजिमेंटच्या जवानांस ते शिकवावे लागत नाही. १९६१ साली गोव्यात सैन्य गेले, तेव्हा सुरक्षा समितीत भारतावर टीकेची झोड उठली, निषेधाचा ठराव केवळ सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. परंतु त्यापूर्वी चौदा वर्षे सालाझारच्या सरकारास विनवून झाले होते. हा हिशेब जो दाखवील, त्याचे आम्ही ऐकू.

आणि किंमत कोणाची? तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण येथील शेतकरी व मच्छीमार घरांतून उठले. राष्ट्राच्या सामर्थ्यासाठी त्यांनी एकदा जमीन दिली. पुढचा निर्णय त्यांच्या प्रतिनिधीस न विचारता बंद खोलीत का व्हावा? युद्धाचा ठराव आधी लोकसभेत मांडला जावा, नावानिशी मतदान व्हावे, आणि ठिणगी पडण्याइतकाच वेळ असेल तर निदान सात दिवसांच्या आत सभागृहाची संमती घ्यावी, एवढी दुरुस्ती आपल्या खासदाराने सुचवावी. निवडणुकीत मते मागावयास तो बोईसरच्या नाक्यावर उभा राहील, तेव्हा हे त्यास विचारा.