शिलेदार आणि कळलावी

एक मत बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी चष्मा जरा खाली घेऊन वाचावं, कारण विषय शृंगाराचा आहे. :)

त्यानं तिची चेष्टा करावी, तिनं सवाई उत्तर द्यावं आणि दोघांनी हसत आपापल्या वाटेला लागावं, हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे आणि मला तो मनापासून आवडतो. माझी अट एकच. शेवटचा शब्द फुलाचा हवा.

फुलाचा का, ते सांगते. पावसाळ्यात आमच्या भुकूमकडे कुंपणांवर, टेकडीच्या उतारावर कळलावी फुलते. नावच बघा ना! फूल आधी हिरवट, मग पिवळं, मग लालभडक. मान खाली, पण पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, ज्वाळांसारख्या. म्हणून तर तिला अग्निशिखाही म्हणतात. पानाच्या टोकाचाच तणावा होतो, आणि त्यानं शेजारच्या झुडपाला धरून ही बाई वर चढते. शिवाय नखशिखांत विषारी, त्यातही कंद जास्तच.

आता हिच्यापुढे एक शिलेदार उभा करा. शिलेदार म्हणजे घोडा आणि हत्यार स्वतःचं असलेला स्वार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. तर आमचे शिलेदार पौडाकडे निघालेत, पगडीला तुरा आहे, आणि वाटेत ही दिसते.

"काय गं, मान खाली घालून कुणाची वाट बघतेस?"

"मान खाली असली तरी पाकळ्या वर आहेत, नीट बघा. घोडा स्वतःचा की सरकारी?"

"स्वतःचा! शिलेदार आहे मी."

"अस्सं. आणि सावकाराचं फिटलंय का?"

"फिटेल गं. तुला या पगडीत खोवून गावभर मिरवीन."

"तिथे एक तुरा आहेच की. त्याला विचारलंत?"

"मी तलवारीला भीत नाही, तुला काय भिणार!"

"मग कंद चाखून बघा. घोडा एकटा घरी जाईल, त्याला वाट ठाऊक असेल ना?"

शिलेदार खो खो हसतो, मुजरा करतो आणि पुढे जातो. फूल वेलीवरच राहतं. संपली गोष्ट.

गोष्ट माझी असली तरी रीत आपलीच आहे. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात, आणि मावशी पुढे होऊन त्यांची अशी काही हजेरी घेते की प्रत्यक्ष देवाचीही सुटका नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये (1965) दादा कोंडक्यांचा हवालदार लोकांनी डोक्यावर घेतला, पण समोर मैनावती तोडीस तोड नसती तर तो नुसताच वाह्यात वाटला असता. कलगी-तुऱ्याचं तर विचारूच नका. कलगीवाले शक्तीला मोठी मानणारे, तुरेवाले शिवाला, आणि फडात रात्रभर सवाल-जवाब.

याच्या उलट जर्मन कवी गटेची एक प्रसिद्ध कविता आहे, शूबर्टनं तिला 1815 मध्ये चाल लावली. रानातल्या गुलाबाला पोरगा म्हणतो, तोडतो तुला. गुलाब म्हणतो, टोचेन. पोरगा तोडतोच. गाणं गोड आहे म्हणतात. मला मात्र त्या गुलाबाचं उत्तर वाया गेल्याचंच वाईट वाटतं.

आपल्या सिनेमानं वर्षानुवर्षं हाच पोरगा हीरो केला. ती नाही म्हणते, तो तीन गाणी मागे फिरतो, चौथ्या गाण्यात ती हसते. मी कॉलेजात असताना असाच एकजण महिनाभर बसस्टॉपपासून घरापर्यंत मागे यायचा. त्याच्या लेखी ती गंमत होती. मी स्वच्छ शब्दांत नको म्हटलं होतं, पण त्याच्या गोष्टीत माझ्या वाक्याला जागाच नव्हती. असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरायला आपल्याकडे 2013 साल उजाडावं लागलं.

यावर घरचा उपाय ठरलेला. मुलींनी मान खाली घालून जावं, उत्तर देऊ नये. मला हे पटत नाही. उत्तर देणारीला गप्प करून वाट सुरक्षित होत नाही, नुसती मुकी होते. आणि "मग चेष्टामस्करी बंदच करा" हेही पटत नाही. त्यानं आयुष्य फार अळणी होईल हो.

हेही खरं, की गवळणीतली वाट रंगमंचावरची आहे. तिथे मावशी पाठीशी असते, समोर हजार प्रेक्षक असतात. संध्याकाळी सातनंतर रिकाम्या रस्त्यावर मावशी नसते. म्हणून जबाबदारी शिलेदाराची जास्त. घोडा त्याच्याकडे आहे, तलवार त्याच्याकडे आहे, तेव्हा वाट मोकळी त्यानंच ठेवायची. पडतं उत्तर ऐकून ज्याला हसता येतं तो रसिक. ज्याला राग येतो, त्यानं शृंगाराच्या वाटेला जाऊच नये.

असो. कळलावी बघायची असेल तर पावसाळ्यात या. खुशाल बोला तिच्याशी, पण हात लावू नका.