यंत्राने कारणही सांगावे

पृथ्वीच्या पोटात तीन हजार मीटरवर कोणता खडक आहे, हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. वेधनातून वर येणारा चुरा आणि मोजक्या ठिकाणी काढलेला सलग नमुना सोडला, तर सारी भिस्त विवरात उतरवलेल्या उपकरणांच्या आलेखांवर. नैसर्गिक गॅमा किरणे, विद्युतरोध, घनता, ध्वनीचा वेग यांवरून भूवैज्ञानिक खडक ओळखतो. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले जात आहे. नॉर्वेतील ‘फोर्स’ या संस्थासमूहाने २०२० मध्ये शंभराहून अधिक तेलविहिरींचे आलेख खुले करून स्पर्धाच घेतली. बारा प्रकारचे खडक यंत्राने ओळखायचे होते. सर्व चुकांना सारखा दंड नव्हता, हे आयोजकांचे शहाणपण!

परंतु उत्तर बरोबर येणे आणि ते योग्य कारणाने येणे, या भिन्न गोष्टी होत. शेल खडकात पोटॅशियम व थोरियम अधिक, म्हणून तेथे गॅमाचा आकडा चढतो. वालुकाश्मात तो उतरतो. पण अभ्रक किंवा फेल्डस्पार भरपूर असलेला वालुकाश्मही चढता आकडा दाखवतो. त्या एकाच आकड्यावर विसंबलेले यंत्र तेल धरणाऱ्या थराला शेल ठरवून मोकळे होईल आणि तो थर दुर्लक्षितच राहील. ‘शॅप’सारखी पद्धत प्रत्येक निर्णयात कोणत्या मोजणीने किती वजन टाकले, ते दाखवते. (तिच्यामागील गणित लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडले, तेही खडकांसाठी नव्हे, तर खेळातील भागीदारांचा वाटा ठरवण्यासाठी.) विवराची भिंत ढासळली तेथील बिघडलेल्या घनतेवर यंत्र विसंबले आहे काय, खडकाऐवजी विहिरीचा ठावठिकाणाच त्याने पाठ केला आहे काय, याचा संशय त्यातूनच येतो. मात्र हे यंत्राच्या निर्णयाचे स्पष्टीकरण झाले. खडकाचा पुरावा नमुन्यातच असतो.

१९७४ मध्ये मुंबई हायच्या समुद्रात तेल सापडले, ते मुख्यतः चुनखडकात. वालुकाश्म आणि शेल यांवर पोसलेले परदेशी यंत्र येथे जसेच्या तसे आणले, तर ते चुकेल आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकेल. त्याला आपल्या विहिरींचे आलेख आणि आपले नमुने शिकवावे लागतील. अशी यंत्रणा विकत घेताना कारणे दाखवण्याची अट करारातच असावी, आणि एखादा थर सोडून देण्याच्या निर्णयाखाली सही भूवैज्ञानिकाचीच असावी.