पंच बसवतो कोण?

परवा पोस्टवर नेट बरं मिळालं, म्हणून आमच्या हवालदाराने लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफिल्डची जुनी लढत लावली. गडी युनिटच्या टीममधून बरीच वर्षं खेळलेला. बारा राउंड संपले, निकाल आला: बरोबरी. तो वळून म्हणाला, "साहेब, पंच झोपले होते का?"

झोपले नव्हते. झोपले असते तर परवडलं असतं.

१३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क. हेवीवेटचे तीन पट्टे पणाला. कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०. एका पंचाने ११६-११३ असा लुईसला कौल दिला, दुसऱ्याने ११५-११५, आणि युजिनिया विल्यम्स यांनी ११५-११३ होलीफिल्डला. पाचव्या राउंडमध्ये होलीफिल्ड दोरांना टेकून मार खात होता. तो राउंडही त्यांनी त्यालाच दिला.

लोक म्हणतात, पंचाची नजर चुकते. चुकते, मान्य. पण मला विचारायचंय ते वेगळंच. त्या खुर्चीवर पंचाला बसवलं कुणी?

विल्यम्स यांचं नाव आयबीएफने दिलं होतं. ही संघटना जगज्जेतेपदाचा पट्टा देते आणि त्या लढतींची फी घेते. लढती भरवतात प्रमोटर. होलीफिल्डचे प्रमोटर होते डॉन किंग. म्हणजे संघटनेची चूल प्रमोटरच्या धंद्यावर पेटते. त्याच वर्षी आयबीएफचे अध्यक्ष बॉब ली यांच्यावर प्रमोटरांकडून पैसे घेऊन क्रमवारी ठरवल्याचा आरोप ठेवला गेला. बॉब अरम या प्रमोटरने तर साक्षीतच सांगितलं, की फोरमन-शुल्झ लढतीला मान्यता मिळावी म्हणून आपण एक लाख डॉलर दिले. ली बऱ्याच आरोपांतून सुटले, काहींत दोषी ठरून तुरुंगात गेले.

विल्यम्स यांनी पैसे घेतल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि माझाही तसा आरोप नाही. तक्रार व्यवस्थेवर आहे. तिथे पंच प्रामाणिक असला तरी कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय वादात तोटा कुणाचा? बरोबरी झाली, की परत लढत, परत तिकिटं. नोव्हेंबरात ती झाली आणि लुईस जिंकला. २०१७ मध्ये लास वेगासला गोलोव्किन-कानेलो लढतीत एका पंचाने कानेलोला ११८-११० दिले. तीही बरोबरी, पुढच्या वर्षी तीही परत.

आता आपल्याकडचं बघा. जनरल कोर्ट मार्शल बसलं, की सदस्यांची नावं आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, यांपैकी कुणावर तुझा आक्षेप आहे का? ज्या अधिकाऱ्याने कोर्ट बोलावलं, तो स्वतः त्यात बसू शकत नाही. ज्याचा प्रकरणात हितसंबंध आहे, तोही नाही. अधिकारी लबाड असतात म्हणून हा नियम नाही. शिक्षा भोगणाऱ्यालाही निकाल पटावा, म्हणून आहे.

बॉक्सिंगला एवढंच लागू करा. पट्टेवाल्या संघटनांकडून पंच सुचवण्याचा हक्क काढा. पंचांची नावं आधी जाहीर करा आणि दोन्ही बॉक्सरना आक्षेपाचा हक्क द्या. वादग्रस्त राउंड का दिला, याचं उत्तर पंचाने लेखी द्यावं.

विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. त्याच्यामागून आपली आणखी पोरं जातील, त्यांत फौजेतलीही असतील. आपल्याकडे हा धंदा अजून लहान आहे, तोवरच हे नियम करून घ्यायला हवेत. मोठा पैसा आला, की प्रमोटर ते होऊ देणार नाहीत.