जुना भाग भंगारात नको, वस्तीच्या पेटीत द्या



घरातला संगणक बंद पडला की सगळाच संगणक मेला, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्यातला एकच भाग गेलेला असतो. रॅम, हार्ड डिस्क, वीज पुरवणारा एसएमपीएस, किंवा नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी. ही बॅटरी संपली की संगणक दर वेळी तारीख आणि वेळ विसरतो. दुरुस्तीला पैसे नसतात, म्हणून संगणक कापडाखाली जातो आणि टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलीचा सराव थांबतो. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या घराच्या माळ्यावर नेमका तोच भाग धूळ खात पडलेला असतो. या दोन घरांची गाठ घालून द्यायला सुट्या भागांचे ग्रंथालय हवे.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात 2000 साली 'फ्री गीक' नावाची संस्था सुरू झाली. लोक जुने संगणक आणून देतात. स्वयंसेवक ते उघडतात, तपासतात, चांगले भाग जोडून नवा संगणक उभा करतात. ठरावीक तास काम करणाऱ्याला शिक्षण मिळते आणि घरी न्यायला संगणकही मिळतो, अशी पद्धत त्यांनी रुजवली. त्यात फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालतात. आपल्याकडे त्यासाठी मोठी इमारत नको. अभ्यासिकेतले एक कपाट आणि एक नोंदवही पुरे.

नोंदवहीवर मी जोर देतो, कारण हिशेब नसला की चांगले कामही संशयात बुडते. रकाने असे आखा : तारीख, देणाऱ्याचे नाव, भाग, कंपनी व क्रमांक, तपासला की नाही, कोणी नेला, कधी परत केला. कपाटात तीन खोकी ठेवा : 'चालू', 'तपासायचे' आणि 'निकामी'. निकामी खोके भंगारवाल्याकडे नव्हे, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावे. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या पाव हिश्श्याचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. उरलेल्यापैकी पुष्कळ कचरा उघड्यावर फोडला जातो, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. तो धूर कोणाच्या छातीत जातो, हे कष्टकऱ्यांच्या वस्तीला वेगळे सांगायला नको.

आता काय द्यावे? रॅम, हार्ड डिस्क, एसएसडी, कीबोर्ड, माऊस, केबल, चालू मॉनिटर, लॅपटॉपचा चार्जर. रॅमवर डीडीआर 3 की डीडीआर 4 ते पाहून लिहा. एकाच्या जागी दुसरी बसत नाही. चार्जरवरचे व्होल्ट लॅपटॉपशी जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. पट्टीसारखे भाग कडेने धरा, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकू नका; तिच्या घर्षणाने तयार होणारी स्थिर वीज त्यांना मारू शकते. फुगलेली बॅटरी पेटीत देऊ नका, ती पेट घेऊ शकते. एसएमपीएस आणि जुना पेटीसारखा मॉनिटर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणी वीज राहू शकते.

हार्ड डिस्क देताना सर्वात जास्त काळजी घ्या. फाईल डिलीट केली म्हणजे ती गेली असे नाही. जाणकार माणूस ती परत काढू शकतो. त्यात आधारची प्रत, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, लेकीसुनांचे फोटो असतात. सगळी डिस्क पुसून टाकणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते चालवूनच द्या. एसएसडी पुसायची रीत वेगळी असते, ती जाणकाराकडून करून घ्या. डिस्क चालतच नसेल, तर ती फोडून निकामी खोक्यात टाका. पेटी सांभाळणाऱ्यांनीही न पुसलेली डिस्क कोणाला देऊ नये.

कचेरीत शिपाई, सफाई कामगार, कारकून म्हणून राबणाऱ्या बांधवांना एक विनंती. कोपऱ्यात पडलेला कचेरीचा संगणक भंगार दिसला, तरी तो निर्लेखित झाल्याचा आणि देण्याचा लेखी आदेश असल्याशिवाय त्यातला स्क्रूसुद्धा काढू नका. साहेबाचे तोंडी 'घेऊन जा' चौकशीत टिकत नाही. चारशे रुपयांच्या रॅमसाठी नोकरी पणाला लावू नका. सरळ अर्ज करा, उत्तर कागदावर घ्या.

विंडोज 10 ला कंपनीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नवी आवृत्ती पेलत नाही म्हणून पुष्कळ धडधाकट संगणक आता टाकून दिले जात आहेत. लिनक्स घालून आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून त्यातले कित्येक अभ्यासाला उपयोगी पडतील.

या रविवारी माळा उघडा. जे चालते ते पुसून, नाव लिहून, पेटीत द्या. आणि देताना एवढेच मनाशी विचारा : हा भाग मी माझ्या मुलाच्या संगणकात बसवला असता का? उत्तर 'हो' असेल तर तो 'चालू' खोक्यात. नसेल तर खरे सांगून 'निकामी' खोक्यात. गरजूच्या हाती कचरा देऊन त्याला दान म्हणू नये.