या सुट्टीत ऊसतोड मजुरांच्या कोपीपर्यंत जा!

नाताळची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या महाबळेश्वर, पन्हाळा, कोल्हापूरकडे धावू लागतात. त्याच वाटेवर, उसाच्या फडांजवळ, प्लॅस्टिकचे कागद टाकलेल्या कोप्या दिसतात. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड मजूर त्यांत राहतात. गाळप हंगाम संपेपर्यंत तेच त्यांचं घर.

तिथली बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते आणि उजाडायच्या आत नवऱ्याबरोबर फडात शिरते. दवानं साडी गुडघ्यापर्यंत भिजते आणि ऊन वर येईपर्यंत अंगावरच वाळते. तान्हं मूल बांधावर, पाचटावर अंथरलेल्या लुगड्यात निजलेलं असतं. मूल आजारी पडलं म्हणून आई मागे थांबली तर खाडा पडतो. मजुरी बुडते, शिवाय आगाऊ घेतलेल्या उचलीचं ओझं तसंच राहतं. म्हणून तापलेलं पोरही पुष्कळदा फडावरच न्यावं लागतं.

आमची कळकळीची विनंती आहे: आपल्या गावाजवळच्या एका तरी टोळीपर्यंत या सुट्टीत पोहोचा.

• मुलांना स्वेटर, कानटोपी, मोजे आणि चपला द्या. मोठ्यांना जाड ब्लँकेट द्या. कोपीवर टाकायला ताडपत्री मिळाली तर फारच उत्तम.
• जुने कपडे धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं, विटकं देऊ नका.
• आधी एकदा जाऊन कोप्या मोजा, बायकांना गरज विचारा. सगळ्यांना पुरेल एवढंच सामान जमवून न्या. निम्म्यांना मिळालं आणि निम्मे राहिले असं होऊ देऊ नका.
• दिवसा माणसं फडात असतात, म्हणून संध्याकाळी जा.
• वाटप करताना फोटो काढू नका. घेणाऱ्याचा मान राखा.

एकट्याला जमणार नसेल तर सोसायटी, गणेश मंडळ, भिशीचा गट, शाळेचा वर्ग मिळून एका टोळीची जबाबदारी घ्या. सहलीच्या खर्चातला एका जेवणाचा पैसा बाजूला काढला तरी एका पोराचा स्वेटर होतो.

20 डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. उघड्याला कपडा आणि बेघराला आसरा देणं यालाच त्यांनी देवाची पूजा मानलं. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या प्रत्येकानं यंदा एक ब्लँकेटही द्यावं.

संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागते. मदतीची गरज आज आहे. द्यायचं ते याच आठवड्यात द्या.