हे गणित उलटे घाला

अनुस्पंदी मंडलावरचे गणित बहुधा एकाच साच्यातले असते. कॉइलची प्रवर्तकता २५० मायक्रोहेन्री, कंडेन्सरची धारकता १०० पिकोफॅरड. तर कंप्रता काढा. विद्यार्थी सूत्रात आकडे घालतो, उत्तर १००६.५८ किलोहर्ट्झ येते आणि पूर्ण गुण मिळतात. माझे म्हणणे असे की, हे गणित निम्मेच झाले. शिकण्याजोगा भाग उरलेल्या निम्म्यात आहे.

रेडिओ किंवा आंदोलक बांधणाऱ्याला कंप्रता आधीच ठाऊक असते. त्याला हवे असतात ते सुटे भाग. सूत्र त्याला काय सांगते? कंप्रता मेगाहर्ट्झमध्ये घेतली, तर २५,३३० ला कंप्रतेच्या वर्गाने भागावे. येईल तो मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड यांचा गुणाकार. १ मेगाहर्ट्झसाठी २५३ व १०० ही जोडी चालेल, तशीच २५.३ व १००० हीसुद्धा चालेल. समीकरण एक आणि अज्ञाते दोन! निवड आपणच करायची, आणि निवडीला कारण लागते.

हे कारण कसे सापडते ते पाहू. आपल्याकडे मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा आहे. वरची कंप्रता खालचीच्या ३.०२ पट. धारकता कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ती ९.१ पट बदलायला हवी. समजा, आपला गँग कंडेन्सर १५ ते ३६५ पिकोफॅरडचा आहे. हा बदल २४ पट झाला. तसाच वापरला तर सारी स्टेशने तबकडीच्या एका भागात दाटीने बसतील. उपाय सोपा आहे: कंडेन्सरला समांतर अशी थोडी स्थिर धारकता जोडावी. ती ‘क्ष’ मानली, तर (३६५ + क्ष) ÷ (१५ + क्ष) = ९.१. नववीचा विद्यार्थीही हे सोडवील. क्ष सुमारे २८ येतो आणि कॉइल सुमारे २२८ मायक्रोहेन्रीची लागते.

गंमत अशी की, हे २८ पिकोफॅरड सगळे विकत आणावे लागत नाहीत. जोडतारांना आणि कॉइलच्या वेढ्यांना स्वतःची थोडी धारकता असतेच; उरलेली ट्रिमरने भरून काढायची. पुस्तकातले गणित जिच्याकडे दुर्लक्ष करते, ती धारकता इथे कामाला येते.

आता त्या ‘.५८’ कडे वळू. १०० पिकोफॅरड छापलेल्या कंडेन्सरमध्ये १० टक्क्यांचा फरक असू शकतो. तो प्रत्यक्षात ११० निघाला, तर कंप्रता सुमारे ४७ किलोहर्ट्झने उतरते. मध्यम लहरींवर दोन लगतच्या जागांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. म्हणजे आपण पाच जागा घसरलो! मग दशांश चिन्हापुढच्या त्या दोन अंकांना अर्थ काय राहिला? ट्रिमर आणि कॉइलमधला सरकता फेराइटचा गाभा कशासाठी असतात, हेही इथेच उमगते.

कोणी म्हणेल, ज्या प्रश्नाला एकच उत्तर नाही तो तपासायचा कसा? गुणाकार जुळतो का ते क्षणात कळते. त्याखाली निवडीचे कारण एका वाक्यात लिहायला सांगावे आणि त्या वाक्याला गुण द्यावेत. सूत्र पाठ असणारा आणि सूत्र समजलेला, या दोघांतला फरक त्या एका वाक्यात दिसेल. शिक्षकांनी वर्षातून एक तास तरी यासाठी काढावा, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एक उलटे गणित. सुपरहेट रेडिओतला आंदोलक स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर, म्हणजे ९८६ ते २०५७ किलोहर्ट्झवर चालतो. वरच्यासारखाच गँग घेऊन त्याची कॉइल काढा. सुमारे ८९ पिकोफॅरड आणि ५७ मायक्रोहेन्री आले, तर तुमची वाट बरोबर आहे. मग गँग मधोमध ठेवून दोन्ही मंडलांच्या कंप्रता काढा. त्यांच्यात ४५५ चाच फरक राहतो का?