घाटातला ताप आणि थर्मोस्टॅट

वैशाखातील टळटळीत दुपारी कसारा घाट चढून इगतपुरीच्या माथ्यावर पोहोचलेल्या मालट्रकांपैकी एखादा रेडिएटरमधून वाफा सोडीत रस्त्याच्या कडेला उभा दिसला, की पुढे नाशकातील गॅरेजात त्याच्यासंबंधी कोणता निवाडा होणार हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. "थर्मोस्टॅट काढून टाका, शेठ, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं कामच काय?" आणि शेठही बिचाऱ्या यंत्रास तत्काळ बेदखल करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निवाडा सरासर गैरलागू आहे.

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांमधील देवडीवरचा दरवान होय. त्याच्या पोटातील मेण ठराविक उष्णतेला वितळून फुगते आणि झडप उघडते. ट्रकच्या डिझेल इंजिनात ती बहुधा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागते व ९५च्या सुमारास पूर्ण उघडते. अर्थात इंजिनाने किती थंड होऊ नये, एवढेच ठरविण्याचा अखत्यार त्याला आहे. किती तापू नये, हा कारभार रेडिएटर, पंखा व पाण्याचा पंप यांजकडे. भरल्या गाडीने घाट चढताना झडप केव्हाच सताड उघडलेली असते. मग ७१ अंशांचा थर्मोस्टॅट बसवला काय नि ८२चा काय, माथ्यावरचा काटा तिथल्या तिथेच. इतकेच नव्हे, तर पुष्कळ इंजिनांत तो काढल्यावर बायपासचा मार्ग खुला राहतो, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते, आणि तापावरचा इलाजच ताप वाढवितो!

खरे अपराधी निराळेच असतात: बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत धरलेला क्षार, जाळीत अडकलेली धूळ, भुसा आणि (बाजार समितीच्या आवारात मुक्काम करणाऱ्या गाडीच्या बाबतीत) कांद्याची सालपटे, पंख्याचा ढिला पट्टा, दाब न धरणारी रेडिएटरची टोपी. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळते. दाब धरणारी टोपी व योग्य प्रमाणातील कूलंट यांचे माहात्म्य येथे कळते.

आणि थंडी? निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात त्या पौषात, थर्मोस्टॅटवाचून धावणाऱ्या रिकाम्या ट्रकाचे इंजिन धड तापतच नाही. मग डिझेल अपुरे जळते, न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन ऑइलात उतरते, आम्ले साचतात, आणि लायनर-रिंगांची झीज होऊन अकाली ओव्हरहॉलचा खर्च मालकाच्या माथी बसतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर थंड इंजिन काजळीचा फिल्टर स्वच्छ करण्याच्या कामातही व्यत्यय आणते.

सबब गाडीमालकांस विनंती एवढीच, की कारखान्याने नेमून दिलेल्या अंशांचाच थर्मोस्टॅट बसवावा. जुन्याविषयी शंका असल्यास पातेल्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापक धरून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडतो की नाही, ते दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसेल. आणि मिस्त्रींनी तो यापूर्वीच काढून डब्यात टाकला असेल, तर गाडीला बसवून द्यावयास आजच सांगावे.